काला लांबवणाऱ्या अनसूयाकाकू

काकूंची आणि माझी पहिली भेट आमच्या गावच्या मारुतीच्या ओट्यावर झाली, आणि ती वांग्यांवरून झाली. बोर धरणाचे पाणी कालव्याने आमच्या शिवारात नुकतेच आले होते. त्या पाण्याच्या भरवशावर तळेगावकडून उरकुडे यांचे कुटुंब भाजीचा मळा करायला हिंगणीपलीकडच्या आमच्या लहानशा गावात येऊन राहिले. मी गावच्याच शाळेत सातवीपर्यंत शिकलेला माणूस. थोडी कोरडवाहू शेती आणि वडिलांकडून चालत आलेली देवळाची व्यवस्था, एवढाच माझा संसार. एका सकाळी एक बाई डोक्यावर टोपले घेऊन आल्या. पहिल्या तोड्याची वांगी होती. मारुतीपुढे टोपले ठेवता ठेवता त्यांनी मला विचारले, "इथं ठेवलेली भाजी मंग खाते कोन?"

देवळात उभे राहून खोटे कसे बोलावे? मी म्हणालो, "बहुतेक गुरवाची बकरी खाते."

त्या हसल्या. मग टोपले मारुतीला दाखवून त्यांनी पुन्हा उचलले आणि म्हणाल्या, "ज्याच्या घरी आज कालवन नाई त्याले नेऊन देते. चालते का देवाले?"

मी म्हणालो, देवालाच विचारा. "तो तर गप आहे," त्या म्हणाल्या. "तुमी बोलता, मनून तुमाले विचारलं." त्या दिवसापासून आमच्या गावात पहिल्या तोड्याची भाजी देवाला दाखवून पुढे जाते. बकरीचा तेवढा तोटा झाला.

अनसूयाबाई उरकुडे यांच्या एकसष्टीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मीही लिहावे, असा सत्कार समितीचा निरोप आला तेव्हा मी आनंदलो, पण लिहायला बसलो ते जड मनाने. या पावसाळ्यात काकूंना चालताना दम लागतो आहे. वर्ध्याच्या डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, आणि विश्रांती हा शब्द काकू दुसऱ्यांनाच सांगत आल्या आहेत. त्यामुळे हा लेख लिहिताना माझे अर्धे लक्ष मळ्याच्या वाटेकडे आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

काकू म्हणजे गोड बोलून कामे करून घेणाऱ्यांपैकी नव्हेत, हे त्यांना ओळखणाऱ्यांना मी सांगायला नको. बाजारात त्यांच्यापुढे बसून भाव पाडणाऱ्याला त्या असे काही बोलत की तो पुढच्या बाजारीही त्यांच्याकडेच येई, पण मुकाट्याने. भजनात त्यांचा ताल चुकतो. चुकला असे सांगितले तर त्या म्हणतात, "बाकीचे चुकून राह्यले." मात्र त्यांच्या तागडीचे भाजीचे पारडे नेहमी खाली झुकलेले असते. त्यावर मी एकदा थट्टा केली, तेव्हा त्या म्हणाल्या, माप सरळ ठेवले तर दिवसभर नजर काट्यावर ठेवावी लागते. झुकते ठेवले की माणसाच्या तोंडाकडे पाहता येते.

माझी पत्नी आजारी पडून वर्ध्याच्या दवाखान्यात होती तेव्हा काकू रोज सकाळच्या एसटीने जेवणाचे डबे पाठवत. पत्नीचा डबा अळणी असे आणि माझा तिखटजाळ. पहिल्या दिवशी डब्यांची अदलाबदल झाली आणि पत्नीला ठसका लागला. दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्याच्या कडीला मिरचीचे देठ बांधलेले येऊ लागले. कंडक्टर ते डबे अशा जपणुकीने आणून देई की मला वाटे, याचेच कोणी आत आजारी आहे. नंतर कळले की त्याच्याही आईचे पथ्य काकूंच्या मळ्यातल्या लवकीवर, म्हणजे दुधी भोपळ्यावर, चालले होते.

पण ज्यासाठी आज आसपासची गावे त्यांचा सत्कार करीत आहेत, त्या धान्याच्या कोठीची गोष्ट सांगायची तर एका वाईट श्रावणाची गोष्ट सांगावी लागेल. सत्तरचे दशक सरत आले होते.

गावच्या स्वस्त धान्याच्या दुकानाला सगळे कंट्रोल म्हणत. त्यावर देखरेख ठेवायला गावाची एक समिती असे, आणि तिच्यात एका बाईचे नाव लागे. कोणाची घरधनीण तयार होईना म्हणून काकूंचे नाव घातले गेले. बाहेरून आलेल्या बाई, काय करणार आहेत, असा हिशेब होता. दुकानदार मापात मारतो, माल आला तरी आला नाही म्हणतो आणि उरलेला हिंगणीच्या व्यापाऱ्याला देतो, हे लहान पोरांनाही ठाऊक होते. तक्रार मात्र कोणी करीत नव्हते. काकूंनी अर्ज लिहवून घेतला, त्यावर पहिली सही स्वतः केली, आणि मग बाकीच्यांनाही करावी लागली.

आषाढात सरकारी जीप आली. चौकशी झाली, पंचनामा झाला आणि दुकानाला सील लागले. आतल्या ज्वारीच्या आणि गव्हाच्या पोत्यांसकट. गावाला त्या दिवशी फार बरे वाटले. आमची कार्डे चौकशी होईपर्यंत नाल्यापलीकडच्या गावच्या दुकानाला जोडली जातील, असे सांगून साहेब गेले. ते खोटे बोलले असे मी म्हणणार नाही. त्यांनी तसे लिहिलेही असेल. पण आदेश आला नाही आणि पाऊस मात्र आला.

आमच्याकडे झड लागणे म्हणजे काय, ते इकडच्या वाचकांना ठाऊक आहे. पाऊस मोठा नसतो, पण थांबत नाही. शेतात पाय ठेवता येत नाही, निंदण बंद, म्हणजे मजुरी बंद. नाल्याला पूर. पलीकडचा दुकानदार एरवीही म्हणतच होता की कागद आल्याशिवाय दाणा देणार नाही, आणि आता तर त्याच्यापर्यंत जायलाही वाट नव्हती. शेतकऱ्यांच्या घरी जुनी ज्वारी थोडीफार होती. गावकुसाला मजुरांची टोली होती, तिथे कंट्रोलच्या दाण्यावर आठवडे निघत. तिथल्या बायका ओल्या बांधांवरून तरोट्याची पाने खुडून आणू लागल्या. मिठात शिजवलेला तरोटा पोटाला भरल्यासारखा वाटतो, तेवढेच.

टोलीत गिरजाबाईंच्या घरी सून शेवंता बाळंत झाली होती. मुलगी. अंगावर दूध कमी. लेकरू रडत असे, मग रडणेही बारीक झाले. मी रोज देवळात जाता-येता त्या बाजूला कान देई. आवाज आला की बरे वाटे.

एका सकाळी विहिरीवर गिरजाबाईंनी काकूंना गाठले. मी काठावर बादली ओढत होतो. गिरजाबाईंचा आवाज चढला नव्हता, हे मला अधिक आठवते.

"काकू, तुमी सही केली, अन् कुलूप आमच्या चुलीले लागलं," त्या म्हणाल्या. "तो चोर होता. पन अर्धं तरी घालत होता पदरात. आता इमानदारी आली, अन् गाडग्यात काई नाई."

काकूंनी घागर भरली, उचलली आणि चालू लागल्या. अर्ध्या वाटेवर त्यांनी घागर ओट्यावर ठेवली आणि दुकानापाशी जाऊन उभ्या राहिल्या. दाराच्या फटीतून ओल्या ज्वारीचा वास येत होता. गावात माणसे उपाशी आणि एका लाकडी दाराआड दाणा. आणि ते दार बंद राहण्याला आपली सही कारण. त्यांनी कुलपाला हात लावला नाही. काही तरुण पोरे दार फोडू म्हणत होती. काकू त्यांना म्हणाल्या, तुम्ही फोडाल तर चोर सुटेल आणि तुम्ही आत जाल.

त्याच दिवशी त्या पावसात चालत मोठ्या रस्त्यापर्यंत गेल्या आणि एसटीने वर्ध्याला. कचेरीत त्यांना सांगितले की कागद निघाला आहे. दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा सांगितले की निघाला होता, पण त्यात गावाचे नाव चुकले होते, दुरुस्त होऊन येईल. कोणी त्यांच्याशी वाईट वागले नाही. बसायला खुर्चीही दिली. कागद तेवढा मिळाला नाही.

घरी त्यांनी आपली ज्वारीची कणगी उघडली. त्यांचे यजमान उरकुडेभाऊ अबोल माणूस. ते एवढेच म्हणाले, "बियाची तेवढी ठेवजो." काकू टोपली घेऊन टोलीत जाऊ लागल्या. दोन-चार दिवस टोपली रिकामी परत आली. मग एक दिवस भरलेलीच परत आली. गिरजाबाई स्वतः घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "तुमचं मन मोठं आहे. पन रोज रोज कोनाच्या टोपल्याची वाट पाहाची? शेवंता घास घेत नाई. मी जेवली, मी जेवली मन्ते, अन् नवऱ्याच्या पानात टाकते."

गिरजाबाईंचा राग काकूंना सोसला होता. ही परत आलेली टोपली सोसेना. तोंडाने मागितले असते तर देता आले असते. घ्यायलाच कोणी तयार नसेल तर द्यायचे कसे, हा प्रश्न त्यांनी मला विचारला.

अशात आमचा श्रावणातला सप्ता बसला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सात दिवस देवळात अखंड नाम चालते. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पण खाली टेकत नाही. रोज दुपारी पंगत होते आणि तिचा शिधा गावातली घरे पाळीने देतात. पाळी कोणत्या घरून कोणत्या घरी जाते, तो क्रम देवळापासून उजव्या हाताने वाड्यावाड्यांतून ठरलेला आहे. शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन होते, सगळ्यांच्या घरचे दही, लाह्या, पोहे एकत्र कालवून वाटतात, वीणा खाली ठेवतात आणि सप्ता संपतो.

पंगतीला टोली येई. दरवर्षी त्यांची पंगत अंगणाच्या टोकाला बसे. त्या वर्षी अंगणात चिखल, म्हणून सगळेच सभामंडपात दाटीवाटीने बसू लागले. काकू वाढायला असत. एका दुपारी लेकराला पदराखाली घेऊन शेवंता पानावर बसली होती. तिने भात संपवला, आणि काकू पुढे सरकल्या तशी हळूच म्हणाली, "काकू, अजून वरन घाला."

काकू वाढणे दुसऱ्या बाईकडे सोपवून थेट माझ्याकडे कोठीच्या खोलीत आल्या. मी उरलेला तांदूळ निवडत होतो.

"महादेव, काला कधी हाय?"

"परवा."

"होऊ नको देऊ."

सुतक पडले तर काला पुढे जातो. मी घाबरून विचारले, "काऊन? कोनी वारलं का?"

"कोनी वारू नये मनून सांगून राह्यली," काकू म्हणाल्या. "शेवंता टोपल्यातलं घेत नाई, पन इथलं घेते. प्रसादाले लाज नाई लागत. सप्ता चालला तवरिक पंगत चालते ना? मंग चालू दे."

मला ते पटले आणि भीतीही वाटली. मी कोठीकडे पाहिले. सात दिवसांच्या मानाने आणलेला शिधा. तो तळाला आला होता. आणि त्याहून मोठी भीती वेगळीच होती. पोटासाठी नाम लांबवायचे, म्हणजे देवाशी लबाडी तर होत नाही ना? मी तसे बोललो. काकू म्हणाल्या, "त्याचंच नाव घ्याचं आहे, आपलं थोडीच घ्याचं? दोन रोज जास्त घेतलं तर तो कंटाळते का?"

संध्याकाळी मंडळी बसली. तुळशीरामजी आमच्यातले वडीलधारे, पहाडी आवाजाचे टाळकरी, आणि नियमाचे कडक. ते म्हणाले, "सप्त्याले दिवस सात. आठवा कुठून आनता, हिंगणीच्या बाजारातून?"

मंडळी हसली. काकू हसल्या नाहीत. "वीणा खाली ठेवली का सप्ता संपते, हे तुमचंच मननं. नाई ठेवली तर काऊन संपते, ते सांगा."

तुळशीरामजी म्हणाले, काल्याचे कीर्तन करणाऱ्या महाराजांनाच विचारू. महाराज झडीच्या भीतीने आधीच येऊन गावात मुक्कामाला होते. वयस्कर, मृदू बोलणारे. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले की गावात काल्यासाठी शिदोरी घेऊन येऊ शकणार नाहीत अशी घरे किती? मी बोटांवर टोलीतली घरे मोजू लागलो. मग ते म्हणाले, "काला म्हणजे सगळ्या गवळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवणे. ज्याच्या घरी शिदोरीच नाही त्याला वगळून केला, तर ते आपले जेवण झाले, काला नाही झाला. मी माझ्या गावी जाऊन येतो. सगळ्यांच्या चुली पेटल्या की निरोप धाडा."

त्या रात्री मला स्वस्थ झोप लागली. पुढे पुष्कळ दिवस लागली नाही.

सप्ता पुढे चालू झाला. ज्या घरांची पाळी होऊन गेली होती त्यांच्या पुढची घरे शिधा देऊ लागली. कोणी आनंदाने देई, कोणी मोजून. भात संपला तेव्हा ज्वारीच्या कण्या शिजू लागल्या. भाजी काकूंच्या मळ्यातून येई. पाण्याने सडलेल्या वेलांतून त्या काय शोधून आणत, ते त्यांनाच ठाऊक. मी रोज सकाळी कोठीत हात घालून पाही आणि मनात म्हणे, मारुतीराया, आजचे झाले, उद्याचे तू बघ. दर दुपारी शेवंता पंगतीला आली की नाही, हे आम्ही दोघेही बघत असू. एक दिवस ती आली नाही. काकू हातातले पातेले तसेच ठेवून पावसात टोलीत धावल्या. लेकराचे अंग तापले होते. त्यांनी शेवंतापुढे पान नेऊन ठेवले आणि ती जेवेपर्यंत लेकरू मांडीवर घेऊन बसल्या. परत आल्या तेव्हा पंगत उठली होती आणि त्यांच्यासाठी काही उरले नव्हते. मी काही बोलणार, तोच त्या म्हणाल्या, "आधी लेकराचा ताप उतरू दे, मंग जेवनाचं बोल." ताप तिसऱ्या दिवशी उतरला.

मग झड ओसरली आणि वेगळीच पंचाईत आली. ऊन पडताच शेतकरी निंदणाला पळाले. टोलीलाही थोडी मजुरी लागली, पण मजुरीचे दाणे हाती यायला बाजारचा दिवस उजाडावा लागे, आणि नाला अजून उतरला नव्हता. देवळात वीणा धरायला माणसे उरेनात. एका दुपारी तुळशीरामजी एकटेच वीणा घेऊन उभे होते. त्यांच्यामागून ज्याची पाळी होती तो वावरातून आलाच नाही. तुळशीरामजी उभे आहेत, उभेच आहेत. तोंडाने नाम चालू आणि डोळे वाटेकडे. अखेर वयाने आणि कण्यांनी त्यांना दगा दिला. वीणा खाली ठेवता येत नाही आणि आता थांबताही येत नाही. देवळाच्या मागे सरपण फोडत असलेला गिरजाबाईंचा मुलगा, शेवंताचा नवरा किसना, तेवढा हाकेच्या टप्प्यात होता. त्याआधी टोलीतल्या कोणाच्या गळ्यात आमच्या देवळाची वीणा पडली नव्हती. तुळशीरामजींनी त्याला हाक मारली, हात धुवायला सांगितले, वीणा त्याच्या गळ्यात घातली आणि धोतर सावरत नाल्याकडे गेले. तुळशीरामजी आजही आहेत आणि ही गोष्ट स्वतःच हसत सांगतात, म्हणूनच मी लिहितो आहे. ते परत आले तेव्हा किसना डोळे मिटून म्हणत होता. ते थोडा वेळ दारात उभे राहिले आणि मग टाळ घेऊन त्याच्या बाजूला बसले. त्यानंतर वीणेला माणसांची वाण पडली नाही.

पण दाण्यांची पडली. शेवटी तो दिवस आलाच, ज्याला मी पहिल्यापासून भीत होतो. देवळापासून उजव्या हाताने निघालेली पाळी सगळ्या शेतकरी घरांवरून फिरून संपली. क्रमाने पुढे टोलीच होती. दरवर्षी सात दिवसांत पाळी तिथवर पोहोचतच नसे, म्हणून तिचा विचार कोणी केला नव्हता. दुसरी फेरी शेतकऱ्यांनी सुरू करावी म्हटले तर निम्म्या घरांच्या कणग्या वाजत होत्या. मी काकूंना म्हणालो, आता काला उरकून टाकू. काकू खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांचे हात मांडीवर उताणे पडले होते, आणि ते तसे रिकामे मी आधी कधी पाहिले नव्हते.

सकाळी देवळाच्या पायरीशी गिरजाबाई उभ्या होत्या. मागे टोलीतल्या बायका. प्रत्येकीच्या पदरात तरोटा. कोवळी, निवडलेली, धुतलेली पाने. एकीजवळ मजुरीच्या बोलीवर उसनी आणलेली थोडी ज्वारी.

"आज पाळी आमची आहे," गिरजाबाई म्हणाल्या. "घेता का नाई?"

काकू उठल्या आणि त्यांनी पदर पसरला. भर देवळात, सगळ्यांदेखत, गिरजाबाईंपुढे. गिरजाबाईंनी त्यात तरोटा ओतला.

त्या दुपारी साऱ्या गावाने तरोट्याची भाजी आणि पातळ कण्या खाल्ल्या. टोलीतल्या बायका वाढत होत्या. तुळशीरामजींनी दुसऱ्यांदा भाजी मागितली. ती त्यांना आवडली होती असे नव्हे. मला मात्र पुष्कळ वर्षे देवळात राहून नैवेद्य म्हणजे काय ते त्या दिवशी थोडेसे समजले असे वाटते.

दुसऱ्या दिवशी लगेच आदेश आला, असे लिहायला मला आवडले असते. तसे झाले नाही. टोलीच्या पाळ्या काही दिवस चालल्या, शेतकऱ्यांनी खरवडून खरवडून दुसरी फेरी धरली, आणि मग एकदाचा नाला उतरला, कागद आला आणि पलीकडच्या दुकानातून दाणा मिळू लागला. टोलीतल्या शेवटच्या घरातून धूर निघाल्याचे पाहून काकूंनी महाराजांना निरोप धाडला. काल्याला प्रत्येक घरून काही ना काही आले. शेवंताच्या मुलीचे बारसे राहूनच गेले होते. ते त्या दिवशी देवळातच झाले. वीणा खाली ठेवली तेव्हा ज्याच्या त्याच्या डोळ्यांत पाणी होते, आणि मला तर एकदम इतके शांत वाटले की कानाला ते सोसेना.

नंतर कधीतरी सील उघडले. आतली ज्वारी काळी पडून तिला कोंब फुटले होते. काकूंनी एक मूठ उचलून वास घेतला आणि टाकून दिली. मी भीतभीत विचारले की पुन्हा अशी वेळ आली तर सही कराल का? "करीन," त्या म्हणाल्या. "पन आधी कोठी, मंग सही."

हेच पुढे त्यांचे काम झाले. सुगीच्या वेळी प्रत्येक घराने, टोलीसकट, देवळाच्या कोठीत दाणे घालायचे. अडचणीच्या दिवसांत पंगत तिथून चालवायची. पाळी सगळ्यांची, म्हणून लाज कोणालाच नाही. आमचे पाहून आसपासच्या गावांनी कोठ्या बांधल्या. मधल्या वर्षांत एकदा बालवाडीचा खाऊ पुष्कळ दिवस आला नाही, एकदा सरकारी कामावरची मजुरी अडकली. त्या त्या वेळी या कोठ्यांनीच गावे सावरली. एका गावच्या मंडळींनी काकूंना दुकानाविरुद्ध अर्जावर सही करायला बोलावले होते. काकूंनी पोहोचताच विचारले, कोठी भरली का? अर्जाचे झाल्यावर भरू, असे उत्तर मिळाले. काकू चहाही न घेता आल्या त्याच एसटीने परत फिरल्या. कोठी भरल्याचा निरोप आला तेव्हा पुन्हा गेल्या, आणि पहिली सही त्यांचीच झाली.

हा लेख मी देवळाच्या ओट्यावर बसून पुरा करतो आहे. सप्ता तोंडावर आला आहे. आत्ताच शेवंताची मुलगी काकूंच्या मळ्यातले पहिल्या तोड्याचे टोपले घेऊन आली होती. मारुतीला दाखवून तिने ते उचलले. काकू का आल्या नाहीत, असे मी विचारले. चढावर दम लागला म्हणून त्या वाटेत बसल्या आहेत, असे ती म्हणाली. मी हातातले काम ठेवून वाटेपर्यंत जाऊन आलो. काकू लिंबाखाली बसल्या होत्या आणि मलाच ओरडल्या की देऊळ उघडे टाकून काऊन आलास.

मारुतीपुढे मी आजवर स्वतःसाठी फारसे मागितले नाही. यंदा मागतो आहे. काकूंच्या छातीला बळ दे, पायांना वाट दे. आणि काकू, तुम्हाला या साऱ्या गावांच्या वतीने तुमचेच शब्द परत करतो. पाळ्या अजून पुष्कळ उरल्या आहेत, वीणा धरायला आम्ही सगळे उभे आहोत. काला एवढ्यात होऊ देऊ नका.